गेज कपाटातच होतं

नदीवरचे सगळे नावाडी तिला नंबरताई म्हणत. बोटींच्या मोटरी दुरुस्त करणाऱ्या वर्कशॉपमध्ये शिरलं, की उजव्या हाताला जाळीची एक खिडकी होती. त्या खिडकीमागे ती एकोणीस वर्षं बसत होती. पाठीमागे थेट छताला भिडलेले लोखंडी खण, आणि कुठल्या खणात काय आहे ते तिला डोळे मिटून सांगता यायचं. मिस्त्री खिडकीशी येऊन नुसतं म्हणायचा, "ताई, ते पंपात पातळ पडद्यासारखं असतं ना, ते द्या." त्याचं वाक्य पुरं व्हायच्या आत हिच्या तोंडून लांबलचक नंबर बाहेर पडायचा आणि मागोमाग खिडकीतून वस्तू.

वर्कशॉपचा एक नियम होता. नवा भाग हवा तर जुना काढलेला भाग खिडकीत जमा करायचा. ते जुने भाग भंगारात जाण्याआधी एका पत्र्याच्या खोक्यात तिच्या पायाशी पडलेले असत. काम नसलं की ती ते हातात घेऊन बघत बसायची. काळाठिक्कर पडलेला प्लग, एकाच बाजूने झिजलेली कडी, पाणी जाऊन हिरवा पडलेला कार्ब्युरेटरचा जेट. एकोणीस वर्षांत त्या खोक्याने तिला जे शिकवलं, ते आतल्या तीन मिस्त्रींपैकी दोघांना तरी येत नव्हतं. पण तिला कुणी काही विचारलं नाही, आणि विचारल्याशिवाय बोलायचं नाही ही तिची सवय. या सवयीचा पुढे तिला फार राग आला.

तिचा धाकटा भाऊ नावाडी होता. सकाळी साडेसहाला पहिली फेरी. पलीकडच्या काठावर दवाखाना, शाळा आणि विटांचा कारखाना. त्यामुळे बोटीत रोजची तीच माणसं: दोन नर्सबाई, एक शिक्षिका, सात-आठ कामगार. मोटर बावीस वर्षांची, दोन सिलिंडरची. वडिलांनी घेतली, भावाने पोटच्या पोरासारखी सांभाळली. दर फेरीनंतर तिला ओल्या फडक्याने पुसणारा तो एकटाच माणूस धक्क्यावर होता. बाकीचे त्याला हसायचे.

तर ही मोटर एकाएकी दगा द्यायला लागली. धक्क्यावरून निघताना एकदम झकास. पाव नदी ओलांडली, प्रवाहाचा जोर लागला आणि वेगाची मूठ पुरती पिळली, की तीन-चार मिनिटांत धापा टाकायची. वेग निम्म्यावर. मूठ सोडली की पुन्हा शहाण्यासारखी चालायची. भावाने मोटर सोडवली, खांद्यावर घेतली आणि वर्कशॉपमध्ये आणली. हेडमिस्त्रीने प्लग बदलले. आठवड्याने पुन्हा तेच. कार्ब्युरेटर खोलून साफ केला. पुन्हा तेच. तिसऱ्यांदा पंपाचा पडदा बदलला. दर वेळी वर्कशॉपच्या हौदात मोटर लावून पुरी मूठ पिळून दाखवायचे, आणि तिथे ती अशी गर्जायची, की जणू कारखान्यातून आजच आली आहे.

"बघ, काही नाहीये तिला," हेडमिस्त्री म्हणायचा. "तुझ्या मनात खोट आहे."

एका मंगळवारी सकाळी नदीच्या मध्यावर मोटर बसली. बोटीत अकरा माणसं. प्रवाहाने बोट आडवी केली आणि पुलाच्या खांबाकडे नेली. भावाने वल्हं घेतलं, कामगारांनी फळ्या घेतल्या, आणि बोट उलटायची वाचली. पण खांबावर आदळताना शिक्षिकेने घाबरून हात मधे घातला आणि तिचं मनगट मोडलं.

नदी वाहतुकीच्या कचेरीने वर्कशॉपकडून अहवाल मागवला. चौथ्या दिवशी भावाचा प्रवासी नेण्याचा परवाना स्थगित झाला.

त्या संध्याकाळी नंबरताई भावाच्या घरी गेली. भावजयीने दार उघडलं आणि नुसती मान आत वळवली. तो स्वयंपाकघरात, भिंतीकडे तोंड करून बसला होता. टेबलावर अहवालाची नक्कल.

"वाच, ताई," तो म्हणाला. "माझंच चुकलं असणार. बावीस वर्षांची मोटर. मीच उगाच ओढत बसलो."

तिने वाचलं. 'इंजिन जुने व जीर्ण. दोन्ही सिलिंडरांचे कॉम्प्रेशन अनुक्रमे साठ व पासष्ट. मोटर वापरास अयोग्य. मालकास पूर्वी तोंडी समज दिली होती.' खाली हेडमिस्त्रीची सही, वर मॅनेजरचा शिक्का.

"तोंडी समज कधी दिली तुला?"

"समज कसली? मनात खोट आहे म्हणाला, तेवढंच."

तिने पुन्हा वाचलं. साठ व पासष्ट. या दोन आकड्यांवर तिची नजर अडकली. आकड्यांशी तिचं एकोणीस वर्षांचं नातं होतं. कुठला आकडा कुठून आला, हे विचारल्याशिवाय तिला झोप यायची नाही.

कॉम्प्रेशन म्हणजे सिलिंडरमध्ये दट्ट्या हवा किती जोरात दाबतो त्याचं माप. शंभराच्या वर असलं तर मोटर धडधाकट. ते अंदाजाने निघत नाही, त्याला गेज लागतं. प्लग काढायचा, त्या भोकात गेज बसवायचं, दोरी सहा वेळा जोरात ओढायची, काटा वाचायचा. आणि त्या वर्कशॉपमध्ये गेज एकच होतं. लाकडी डबीत, कुलूपबंद कपाटात, हिच्या पाठीमागे. किल्ली हिच्या गळ्यातल्या दोऱ्याला. जो नेईल त्याने अवजारांच्या वहीत सही करायची.

दुसऱ्या दिवशी तिने वही उघडली. गेज शेवटचं बाहेर गेलं होतं नऊ महिन्यांपूर्वी. तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

हेडमिस्त्री खिडकीशी आला, तेव्हा तिने त्याला हवा असलेला वॉशर दिला नाही, स्वतःच्याच हातात धरून ठेवला.

"माझ्या भावाच्या मोटरीचं कॉम्प्रेशन तुम्ही कशाने मोजलंत?"

तो हसला. "ताई, वीस वर्षं करतोय हे काम. दोरी ओढली की हाताला कळतं."

"हाताला ढिली-घट्ट कळेल. पासष्ट कसं कळलं? चौसष्ट का नाही?"

"अहो, कचेरीला आकडा लागतो..."

"म्हणून दिलात? माणसाचं पोट आहे त्या मोटरीवर! आकडा लागतो म्हणून काहीही लिहाल?"

त्याने वॉशर हिसकावून घेतला आणि गेला. अर्ध्या तासाने मॅनेजरचं बोलावणं आलं. मॅनेजर गोड बोलणारा माणूस. त्याने तिला खुर्ची दिली, पंखा तिच्याकडे वळवला.

"बाई, भाऊ आहे, समजू शकतो मी. पण तुम्ही नंबर सांभाळा, मोटरी आम्ही सांभाळतो. ज्याचं काम त्याने करावं."

"तेच तर म्हणतेय, साहेब. त्यांनी ते केलंच नाही."

तिने त्याच दुपारी अर्ध्या दिवसाची रजा टाकली. कपाट उघडलं, गेजची डबी काढली, वहीत स्वतःचं नाव लिहून सही केली आणि डबी पिशवीत घालून थेट भावाच्या घरी गेली.

"ऊठ," ती म्हणाली.

"कशाला, ताई? झालं गेलं..."

"झालं गेलं काही नाही. ऊठ आणि दोरी ओढ."

अंगणात लाकडी घोड्यावर मोटर टांगलेली होती. तिने वरचं झाकण काढलं, दोन्ही प्लग काढले, पहिल्या भोकात गेज फिरवून घट्ट केलं. मूठ पुरती उघडायला सांगितली. भावाने दोरी ओढली. एक, दोन, तीन... सहाव्या वेळी काटा थांबला.

"एकशे चौदा," ती म्हणाली. गेज काढून दुसऱ्या भोकात लावलं. पुन्हा सहा वेळा. "एकशे बारा."

भावाने दोरी सोडून दिली. "मग साठ कुणाच्या मोटरीचे?"

"कुणाच्याच नाहीत."

भावजय उंबऱ्यात उभी होती. एवढे दिवस अवाक्षर न काढणारी ती एकदम कडाडली, "मग नेऊन आपटा ते त्याच्या टेबलावर! चार रात्री डोळ्याला डोळा नाही ह्यांचा!"

"थांब," नंबरताई म्हणाली. "मोटर मेलेली नाही एवढंच कळलंय. ती धापा का टाकते, ते अजून कळायचंय. अर्धवट गेलो तर तोंडाला पानं पुसतील."

तिने दोन्ही प्लग मोटरीच्या धातूला टेकवून पुन्हा दोरी ओढायला लावली. दोन्हींकडे निळी, कडक ठिणगी. म्हणजे तेही नाही. मग ती विचार करत उभी राहिली आणि तिला जे सुचलं, ते इतकं साधं होतं, की तिला हसावं की रडावं कळेना.

"वर्कशॉपच्या हौदात मोटर चालवतात, तेव्हा पेट्रोलची टाकी कुणाची असते?"

"त्यांचीच. मी मोटर एकटीच नेतो ना खांद्यावरून. टाकी इथे बोटीत."

"आणि टाकीपासून मोटरीपर्यंतची नळी?"

"तीही त्यांचीच." भावाच्या तोंडावर हळूहळू उजेड पडला. "ताई... म्हणजे तिथे कधी बिघडणारच नव्हती ती!"

परवाना प्रवाशांचा गेला होता, नदी कुणी बंद केली नव्हती. दोघं रिकामी बोट घेऊन निघाली. बोट हलकी पडू नये म्हणून भावाने वाळूची सहा पोती टाकली. नंबरताई टाकीजवळ बसली. टाकीपासून निघालेल्या नळीच्या मध्यावर रबराचा एक फुगा असतो. मोटर सुरू करण्याआधी तो हाताने दाबून पेट्रोल पुढे ढकलायचं, इतकंच त्याचं काम. तिने तो फुगा मुठीत धरला आणि ओरडली, "पीळ!"

मोटर गर्जली. बोटीचं नाक उचललं गेलं. एक मिनिट, दोन मिनिटं. तिसऱ्या मिनिटाला तिच्या मुठीत काहीतरी बदललं. फुगा आत ओढला जायला लागला, म्हाताऱ्याच्या गालासारखा बसला. आणि दहा सेकंदांत मोटरीने धाप टाकली.

तिने फुगा दाबला, सोडला, दाबला. मोटर पुन्हा उचलली. हात थांबवला, पुन्हा बसली.

"पेट्रोल मिळत नाहीये तिला!" ती इंजिनाच्या आवाजावर किंचाळली. "उपाशी आहे ती, आजारी नाही!"

टाकीच्या झाकणाचं हवेचं भोक बुजलं असेल म्हणून तिने झाकणच उघडून टाकलं. फरक नाही. म्हणजे अडथळा टाकी आणि फुगा यांच्या मधेच. धक्क्यावर परत येऊन त्यांनी शेजारच्या नावाड्याची जुनी नळी, तिच्या फुग्यासकट, मागून घेतली, लावली आणि दोघं पुन्हा नदीत गेली. भावाने पुलापर्यंत, पुलाखालून पुढे, वळणापर्यंत आणि तिथून प्रवाहाच्या उलट परत, सतत पुरी मूठ पिळून बोट आणली. वीस मिनिटं. मोटरीने हुं की चूं केलं नाही.

शेवटी तिने खराब नळी मांडीवर घेतली आणि सुरीने उभी चिरली. बाहेरून नळी ठणठणीत, काळी, तुकतुकीत. आत मात्र अस्तर सुटून ओल्या कागदासारखं फुगलेलं, आणि एका जागी त्याची जीभ लोंबत होती. हळू चालताना पेट्रोल त्या जिभेच्या बाजूने वाट काढून जायचं. मोटरीने जोराने ओढून घेतलं, की जीभ नळीला बूच मारायची.

भाऊ हसत होता, डोळे पुसत होता. त्याने बहिणीकडे पाहिलं तर ती हसत नव्हती. नळी उलटीपालटी करून ती अक्षरं शोधत होती. चांगल्या नळीवर बनवणाऱ्याचं नाव आणि वर्ष छापलेलं असतं. या नळीवर काहीच नव्हतं, आणि ती तिच्या ओळखीची होती.

सात महिन्यांपूर्वी वर्कशॉपने नळीचा पुरवठादार बदलला होता. नवं वेटोळं आलं, तेव्हा तिनेच मॅनेजरला विचारलं होतं, "साहेब, यावर छाप नाही. आणि वासही वेगळा येतोय." तो म्हणाला होता, "नळी म्हणजे नळी, बाई." आणि ती गप्प बसली होती. भावाला दोन मीटर नळी तिनेच मोजून, तिनेच कापून, त्याच खिडकीतून दिली होती.

"ही मी दिलीय तुला," ती म्हणाली. "या हाताने."

"तुला काय माहीत होतं, ताई?"

"वास आला होता मला! नाक होतं मला आणि तोंडही होतं!"

मॅनेजरवरचा राग एक, हेडमिस्त्रीवरचा दुसरा. पण हा स्वतःवरचा तिसरा राग असा होता, की त्याला शिवीही देता येईना.

सकाळी ती वर्कशॉपमध्ये गेली, तेव्हा चार-पाच गिऱ्हाईकं बाकावर बसली होती. तिने चिरलेली नळी मॅनेजरच्या टेबलावर ठेवली नाही. बाहेर, खिडकीच्या कट्ट्यावर, सगळ्यांना दिसेल अशी ठेवली आणि तिथूनच हाक मारली. मॅनेजर आला, त्याने नळी पाहिली, बाकाकडे पाहिलं आणि आवाज खाली आणला.

"बाई, आत बोलू."

"इथेच बोला. ही नळी मी एकोणीस बोटींना दिलीय. सात महिन्यांत त्यातल्या तीन मोटरींना तुम्ही निकामी ठरवलंत. गेज एकदाही कपाटाबाहेर गेलं नाही."

"तुमच्या भावाला नवी नळी देतो आपण. आजच. कचेरीशीही बोलतो. पण बाकीच्यांना उगाच घाबरवू नका."

"उगाच? अकरा माणसं खांबावर आपटली!"

"हे बघा," त्याचा गोडवा आता आटला, "कुणाला काय दिलं ती यादी वर्कशॉपची आहे. ती बाहेर गेली, तर तुम्हालाही बाहेर जावं लागेल."

नंबरताईने गळ्यातला दोरा काढला आणि कपाटाची किल्ली नळीशेजारी ठेवली. गेजची डबी परत केली, वहीत परत केल्याची सही केली. तिला यादी लागणार नव्हती. एकोणीस बोटी, त्यांचे क्रमांक, कुणाला दीड मीटर आणि कुणाला तीन, सगळं तिच्या डोक्यात होतं.

पुढचे पाच दिवस ती दोन्ही काठांवर धक्क्यामागून धक्का पालथा घालत हिंडली. पिशवीत सुरी, आणि पुरावा म्हणून भावाच्या नळीचा तुकडा. काहींनी लगेच नळी काढून तिच्या हाती दिली. एकाने अंगावर खेकसून सांगितलं, की धडधाकट नळी कापायला तो खुळा नाही. त्याच्या बोटीत बसून तिने त्याला नदीच्या मध्यावर नेलं, फुगा त्याच्या एका हातात दिला आणि दुसऱ्याने मोटरीची मूठ पिळायला लावली. परत आल्यावर त्याने स्वतःच तिच्याकडे सुरी मागितली. अठरांपैकी अकरा नळ्या आतून सुटलेल्या निघाल्या.

तिचा नवरा कोर्टाबाहेर बसून लोकांचे अर्ज टाइप करायचा. मितभाषी माणूस. कचेरीसाठी तिने तोंडी सांगितलेला अर्ज त्याने टाइप केला, पण मधेच थांबून म्हणाला, "अगं, 'हलकट' हा शब्द अर्जात बसत नाही."

"मग बसवा! तुमची जन्मभराची विद्या कशाला आहे?"

"त्यापेक्षा 'न मोजता आकडे लिहिले' एवढंच ठेवू. ते जास्त लागतं."

तिने वाचून पाहिलं. खरंच जास्त लागत होतं. तिने ठेवू दिलं, पण कुरकुरतच.

सुनावणीच्या दिवशी कचेरीत तपासनीस टेबलामागे, हेडमिस्त्री एका बाजूला. शिक्षिकाही आली होती, हात प्लास्टरमध्ये. ती आली होती भावाविरुद्ध तक्रार करायला, आणि तिने भावाकडे पाहिलंही नाही.

तपासनीसाने अर्ज वाचला. "बाई, वर्कशॉप अधिकृत आहे. तुम्ही खिडकीवर बसणाऱ्या. मी कुणाचा आकडा धरू?"

"कुणाचाच धरू नका. मोटर बाहेर आणलीय. तुमच्या समोर मोजा."

भाऊ आणि आणखी दोन नावाडी व्हरांड्यात मोटर घेऊन उभे होतेच. कचेरीच्या स्वतःच्या गस्ती बोटींसाठी एक गेज होतं, ते शिपायाने शोधून आणलं. नंबरताई पुढे झाली नाही.

"त्यांना लावू द्या," तिने हेडमिस्त्रीकडे बोट दाखवलं. "दोरीही त्यांनाच ओढू द्या. हाताला कळतं त्यांच्या."

हेडमिस्त्रीने प्लग काढला. गेज घट्ट केलं. सहा वेळा दोरी ओढून तो काट्याकडे बघत राहिला.

"वाचा," तपासनीस म्हणाला.

"एकशे... बारा."

"मोठ्याने."

"एकशे बारा." मग त्याने मान खाली घातली. "साहेब, मोजायला वेळ नव्हता. मॅनेजर कागद आजच हवा म्हणाले. सही कर म्हणाले."

नंबरताईला वाटलं होतं, या क्षणी तिला गार वाटेल. वाटलं नाही. हा माणूस वाईटसुद्धा धड नव्हता. कुणीतरी कर म्हणालं म्हणून त्याने केलं होतं, आणि तेवढ्यावर एक घर उपाशी बसणार होतं. त्यानेच तिचं डोकं जास्त फिरलं.

तपासनीसाने परवाना परत देण्याचा आदेश तिथेच लिहिला. तिने वाकून वाचला. "यात नळीचं काहीच नाही. वर्कशॉपचंही नाही."

"तो विषय वेगळा आहे. त्यासाठी वेगळी चौकशी..."

"वेगळा कसा?" हा आवाज शिक्षिकेचा होता. ती उठून टेबलाशी आली आणि प्लास्टरचा हात तिने त्या आदेशावरच ठेवला. "माझं मनगट कशाने मोडलं ते लिहा. मी या माणसाला पंधरा दिवस शिव्या देतेय. सकाळ-संध्याकाळ. मला चुकीच्या माणसाला शिव्या द्यायला लावल्या यांनी!"

तपासनीसाने पेन उचललं, ठेवलं, पुन्हा उचललं. शेवटी त्याने एक ओळ वाढवली: 'अपघाताचे कारण इंधननळीतील दोष.' वर्कशॉपचं नाव त्याने काही केल्या लिहिलं नाही. महिन्याभराने सगळ्या धक्क्यांवर सूचना लागली, की नावाड्यांनी आपापल्या नळ्यांची वेळोवेळी काळजी घ्यावी. जणू खापर त्यांच्याच डोक्यावर. नंबरताईने ती सूचना वाचली आणि भर धक्क्यावर, चारचौघांत, अर्जात न बसणारे सगळे शब्द वापरले.

भाऊ फेऱ्या मारायला लागला होता. पण यादीतला एकोणिसावा माणूस राहिला होता, आणि त्याच्याकडे जायचं ती टाळत होती. सगळे त्याला पाववाले काका म्हणत. सत्तरी ओलांडलेला माणूस, सव्वीस वर्षं रोज पहाटे बोटीतून पलीकडच्या दुकानांना पाव पोचवायचा. तीन महिन्यांपूर्वी वर्कशॉपने त्याची मोटर निकामी ठरवली, त्याने ती भंगारात दिली, बोट विकली आणि लेकीकडे राहायला गेला. नंबरताई भंगारवाल्याकडे जाऊन आली होती. मोटर फोडून, वितळवायला कधीच गेली होती.

सांगावं की नाही? आता सांगून मोटर काही परत येणार नव्हती. पण एकदा गप्प बसून काय झालं ते तिने पाहिलं होतं. ती गेली.

लेकीच्या घराच्या गॅलरीत काका मटार सोलत बसले होते. तिने सगळं सांगितलं, स्वतःच्या हातासकट. ते ऐकत होते, सोलत होते. मग हात थांबला.

"म्हणजे चांगली होती ती?"

"हो, काका."

"शेवटच्या दिवशी मी तिला लाथ मारली, पोरी. भर नदीत. एवढी वर्षं सोबत केलीस आणि आता मरतेस म्हणून." मटाराचं ताट त्यांनी बाजूला ठेवलं आणि गुडघ्यांवर हात देऊन उठले. "माझे बूट दे ते. वर्कशॉप उघडं असेल ना आत्ता?"

मॅनेजरने त्यांना नव्या मोटरीवर मोठी सूट देऊ केली. काका म्हणाले, "मोटर नको. बोटच नाही मला. माझी मोटर निकामी म्हणून जो कागद दिलास, त्याखाली खरं लिहून दे." मॅनेजर आत निघून गेला. काका बाकावर बसले. संध्याकाळी वर्कशॉप बंद झालं तेव्हा उठले आणि दुसऱ्या दिवशी दहाला पुन्हा येऊन बसले. कुणी गिऱ्हाईक शेजारी टेकलं की विचारायचं, "काका, तुमची कुठली मोटर?" मग काका पहिल्यापासून सांगायला लागत. मोठ्याने, कारण त्यांना कमी ऐकू यायचं. नंबरताई दुपारी त्यांच्यासाठी डबा घेऊन यायची आणि बाकावर शेजारी बसायची. ज्या खिडकीत ती एकोणीस वर्षं होती, तिथे आता दुसरी मुलगी होती आणि ती चुकीचा वॉशर काढून देत होती. नंबरताई ओठ घट्ट मिटून बसायची. मग एकदा न राहवून तिने जाळीतून योग्य नंबर सांगितला.

बाराव्या दिवशी बाकावर गिऱ्हाईक कुणीच नव्हतं. नदीवर बातमी पसरली होती. मॅनेजर बाहेर आला, हातात कागद. काकांनी चष्मा लावून तो वाचला, आणि एका शब्दावर बोट ठेवलं.

"इथे 'बहुधा' लिहिलंयस. 'मोटर बहुधा निकामी नव्हती.' ते काढ."

मॅनेजर कागद घेऊन आत गेला आणि नवा टाइप करून आणेपर्यंत काका आणि नंबरताई बाकावरून हलली नाहीत.